आधी चप्पल ठरते, मग साडी

सव्वीस_जोड, 19 मे, रात्री 10:40

हसू नका, आयडी खरा आहे. कपाटात मोजून सव्वीस जोड होते. परवापासून पंचवीस.

नागपुरात कोराडी रोडवरच्या एका लॉनमध्ये मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. अंगावर आईची करवतकाठी साडी, पायात काळ्या ब्लॉक हिलच्या सँडल. 2019 च्या दिवाळीत घेतलेल्या, जेमतेम तीनदा घातलेल्या, बाकी सगळा काळ टिश्यू पेपरात गुंडाळून डब्यात. 'चांगल्या' आहेत न, म्हणून. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, मी स्टेजकडे निघाले. डावा पाय उगाच हलका लागत होता. तेवढ्यात मागून भाचीची सात वर्षांची पोर ओरडली, "आजी, तुझ्या चपलेतून चहापत्ती सांडून राहिली!" वळून पाहिलं तर पांढऱ्या कार्पेटवर माझ्या खुर्चीपासून माझ्या टाचेपर्यंत काळ्या भुग्याची ओळ. दहा पावलं पुढे गेले आणि उजवी टाचही गेली. उरलेलं लग्न नवरीच्या खोलीतल्या निळ्या बाथरूम स्लीपरवर काढलं. करवतकाठी आणि निळी स्लीपर. फोटो आहेत, टाकणार नाही.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या दुरुस्तीवाल्या दादांकडे नेल्या. त्यांनी अंगठ्याने सोल दाबला तर अंगठा आत गेला, चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा. म्हणाले, "मॅडम, ह्या मेल्या. घातल्या असत्या तर जगल्या असत्या."

आता मूळ विषय. लोक कपडे ठरवतात, मग चाव्या हातात घेऊन दारात उभे राहून त्यावर कुठली चप्पल जाते ते शोधतात. माझं उलटं आहे. सकाळी पहिला प्रश्न: आज चालायचं किती, उभं राहायचं किती, स्कूटीने जायचं की मेट्रोने? त्यावरून चप्पल ठरते. चप्पल ठरली की उंची ठरली, आणि उंची ठरली की निऱ्या किती खाली, पँट कुठपर्यंत, कुर्ता कुठे संपला पाहिजे, सगळं त्यामागून येतं. कपडा आत घेता येतो, सोडवता येतो. पायाला तसं काही करता येत नाही. साडीच्या बाबतीत तर मी इतकी कडक आहे की नेसायच्या आधी सँडल घालते. अनवाणी नेसून नंतर दोन इंच हिल चढवली की फॉल वर लटकतो आणि घोटे उघडे पडतात. मग दिवसभर आपण साडी खाली ओढत फिरतो.

वेड कुठून आलं? लहानपणी वर्षातून एकच जोड मिळायचा, जूनमध्ये, शाळेचा. तोही दोन नंबर मोठा, पुढे कापूस कोंबून. कापूस काढायचा दिवस आला की बूट फाटलेले असायचे. मापाचा बूट म्हणजे काय हे मला पहिल्या नोकरीनंतर कळलं.

मेट्रोत मी लोकांच्या तोंडाकडे कमी आणि पायाकडे जास्त पाहते. मागच्या आठवड्यात सीताबर्डीला गाडी बदलताना एक आजोबा समोर उभे होते. तपकिरी बूट, तळ बदललेला स्पष्ट दिसत होता, पण नाड्या कोऱ्या आणि दोन्हींकडे सारख्या बांधलेल्या. त्यांच्या शर्टाचा रंग मला अजिबात आठवत नाही. माणूस मात्र आठवतो.

तुमचं काय? आणि त्या मेलेल्या सँडलचं नेमकं काय झालं, कोणी सांगेल का?

जास्त_तर्री, 19 मे, रात्री 11:15

ताई, मायाजवळ दोनच जोड आहेत. एक पायात, एक उन्हात. सव्वीस ठेवाले तं वेगळा प्लॉट घ्या लागन न! बायको मागून वाचून राहिली, म्हणते 'पहा, मायाजवळ फक्त अकरा आहेत'. आता हा धागा मलेच महाग पडते.

सव्वीस_जोड, 19 मे, रात्री 11:22

भाऊ, वहिनींना नमस्कार सांगा. आणि तो दुसरा जोड उन्हातून उचला. मे महिन्यात गच्चीवर बूट वाळवणं म्हणजे पापड वाळवणं आहे. चामडं तडकतं, चिकटवलेला सोल सुटतो. सावलीत, पंख्याखाली, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून.

पॉलिमरवाला, 20 मे, सकाळी 8:05

सँडलचं पोस्टमॉर्टेम मी करतो, पोटापाण्याचा धंदाच हा आहे. तुमचा सोल पॉलियुरेथेनचा होता, म्हणजे पीयू. हलका, मऊ, पायाला आरामशीर, म्हणून हिलमध्ये आणि ऑफिसच्या बुटांत सर्रास वापरतात. त्यातला एक प्रकार पॉलिएस्टर जातीचा असतो. हवेतली वाफ त्यात शिरते आणि त्याची साखळी कडीकडीने तोडत जाते. ह्याला हायड्रॉलिसिस म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही, आणि एका दिवशी वजन पडलं की भुगा. ऊब आणि दमट हवा मिळाली की हे काम भराभर चालतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टची ओल आणि मेची भट्टी दोन्ही आहेत, वर तुम्ही डबा बंद ठेवला. ओल आत शिरली ती तिथेच कोंडली.

दादा बरोबर बोलले. अधूनमधून घातलेल्या, हवा लागलेल्या चपला ठेवणीतल्यांपेक्षा जास्त टिकतात असाच बहुतेकांचा अनुभव आहे. एकदा भुगा सुरू झाला की कुठलाही गोंद चालत नाही, कारण चिकटवायला खाली घट्ट काही उरतच नाही. वरचा भाग चांगला असेल तर जुना सोल पूर्ण खरवडून रबराचा नवा बसवता येतो, हिलमध्ये मात्र ते कठीण.

घरी जितके जुने जोड असतील त्यांचे सोल आजच नखाने दाबून पाहा. नख रुतून खूण राहिली किंवा चिकट लागलं तर लग्नाला घालू नका. रबर आणि टीपीआर (रबरासारखं प्लास्टिक) ह्यांना हा रोग नाही. स्पोर्ट शूजमधला ईव्हीए फोम असा भुगा होत नाही, तो फक्त दबून चपटा होतो. आणि प्लास्टिकच्या पिशव्या फेका, जुन्या उशीचे अभ्रे वापरा.

सव्वीस_जोड, 20 मे, सकाळी 9:30

दाबून आले. आणखी दोन गेले. तेवीस.

हिंगणा_रोड_24, 20 मे, दुपारी 1:10

नमस्कार. वय 24, डिप्लोमा झाला, दीड वर्ष एमआयडीसीत काम केलं. 30 तारखेला, शुक्रवारी मिहानमधल्या एका कंपनीत मुलाखत आहे. आतापर्यंत सगळं जीन्स आणि स्पोर्ट शूजवर निभावलं. बजेट एकूण 3,500. भावाचा लग्नातला ब्लेझर आहे, तो घालावा म्हणतो. खांदा थोडा मोठा होतो पण चालते असं आई म्हणते. बूट काळे की तपकिरी? टोकदार फॅशनमध्ये आहेत ते घेऊ का? आणि 45 डिग्रीत बाइकने जायचं आहे, तेही सांगा.

काजबटण, 20 मे, दुपारी 3:45

बेटा, मी महाल भागात 31 वर्षं कपडे शिवून राहिलो. भावाचा ब्लेझर घालू नको. खांद्याची शिवण आपल्या हाडावर बसाले पाह्यजे. ती खाली उतरली का माणूस उसना दिसते. बाही आखूड करून देतो, पोट आत घेतो, लांबी कमी करतो, पण खांदा उसवला का सगळा कोट उसवा लागते. तेवढ्या पैशात नवा शर्ट होते. अन या उन्हात ब्लेझर घालून गेला तं सायेब तुले आधी पाणी पाजन, मंग प्रश्न इचारन.

फिका निळा नाही तं पांढरा सुती शर्ट घे, पूर्ण बाहीचा. कॉलरमधी दोन बोटं गेली पाह्यजे, तीन नाही. पँट गडद, करडी नाही तं नेव्ही. टेरिकॉट घेऊ नको, मांडीले चिकटते.

आता मेन गोष्ट. पँटचं माप द्याले जाशीन तं ज्या बुटावर घालाची तेच बूट घालून जाजो. लोकं चप्पल घालून येतात, मंग म्हणतात मास्तर, पँट वर चढली. चढली नाही बाबा, तूच चढला! मोहरी, म्हंजे पँटचं खालचं तोंड, समोरून बुटावर टेकली पाह्यजे, एक हलकी घडी पडन एवढीच. मागून टाचेच्या खाली गेली तं पहिल्या पावसात कुरतडते. रेडिमेड घेतली तं दुकानातच उलटी करून पाह्यजो, कमरेत मागं माया, म्हंजे शिवणीत आत सोडलेलं जास्तीचं कापड, किती ठेवली ते. माया नसन तं पुढं दोन किलो वाढला का पँट भावाले द्या लागते.

सव्वीस_जोड, 20 मे, रात्री 9:20

मास्तरांनी माझं अर्धं काम केलं. @हिंगणा_रोड_24, बुटाचं माझ्याकडून ऐक.

पहिला बूट एकच घेणार असशील तर काळा डर्बी, गोल टोक. डर्बी म्हणजे ज्यात नाड्यांचे दोन्ही पट्टे वरून बसवलेले असतात आणि पुस्तकासारखे उघडतात. ऑक्सफर्डमध्ये ते पट्टे खाली शिवून बंद असतात. ऑक्सफर्ड जास्त रुबाबदार, कबूल, पण पायाचा वरचा भाग उंच असला तर तो आवळतो. डर्बीत जागा सैल करता येते. टोकदार नको. तुझी बोटं टोकदार नाहीत, आणि पुढची ती रिकामी जागा वर वळते, मग सहा महिन्यांत जोकरचा बूट.

दुकानात संध्याकाळी जा. पाय दिवसभरात फुगतात, सकाळी मापात बसलेला बूट संध्याकाळी रडवतो. जे मोजे घालणार तेच घेऊन जा. दोन्ही पाय मोजून घे, बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, आणि बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच मागे घट्ट. मग गालिच्यावर नाही, फरशीवर दहा मिनिटं फिर. सेल्समन म्हणेल 'घालून घालून सैल होतो'. रुंदीत थोडा होतो, लांबीत होत नाही. आज लांबीत चावणारा बूट जन्मभर चावणार.

नंबरचं थोडं गणित. आपल्याकडे दुकानात विलायती नंबर चालतात, त्यात एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपियन नंबरात फरक कमी असतो, एका सेंटिमीटरच्या दोन तृतीयांश. म्हणून 8 आणि 9 च्या मध्ये लटकत असशील तर युरोपियन नंबरचा जोड घालून पाहा, मधलं काही सापडू शकतं.

'जेन्युइन लेदर' ह्या शिक्क्यावर भाळू नकोस. तो एवढंच सांगतो की चामडं आहे. कसलं आहे ते सांगत नाही. तुझ्या बजेटमध्ये फार वरचं मिळणार नाही, ठीक आहे. तळ शिवलेला असेल किंवा निदान कडेने खरी शिवण असेल असा पाहा. कधीकधी शिवणीची नुसती नक्षी असते, वाकवून पाहिलं की कळतं.

आणि बाइक! गियरची असेल तर डाव्या बुटाच्या नाकावर महिनाभरात काळा चट्टा पडतो. लिव्हरवर चढवायचं रबर मिळतं, स्वस्तात. मुलाखतीच्या दिवशी सरळ स्पोर्ट शूज घालून जा, बूट कापडी पिशवीत, तिथे पार्किंगमध्ये बदल. डिक्कीत किंवा बंद गाडीत बूट ठेवून दिवसभर उन्हात सोडू नकोस, गोंद मऊ होतो.

मोजे काळे किंवा पँटच्या रंगाचे, नडगीपर्यंत. पांढरे नाही. पुन्हा सांगते, पांढरे नाही.

जास्त_तर्री, 20 मे, रात्री 9:50

पांढरे नाही बे! मी माह्या साक्षगंधात घातले होते. सासरे अजून काढतात तो विषय.

साधीराहणी, 21 मे, सकाळी 7:15

सगळं वाचलं. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. बूट ही पायात घालायची वस्तू, ती डोक्यात जाऊ देऊ नये. मोहरी किती, नाक गोल की टोकदार, ह्यात 24 वर्षांच्या मुलाने आठवडा घालवायचा? त्याने विषयाची तयारी करावी. आमच्या वेळी दोन पांढरे शर्ट आणि एक चप्पल, त्यावर पस्तीस वर्षं नोकरी केली. माणसाचं काम पाहावं, पाय नाही.

इंदोरा_चौक, 21 मे, दुपारी 12:40

काका, उत्तर द्यायचं नव्हतं, पण राहवत नाही.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. मूळ गाव भंडारा जिल्ह्यातलं. ते सांगायचे, लहानपणी वाड्यासमोरून जायचं असलं की चप्पल पायातून काढून हातात घ्यायची. पाऊस असो की ऊन. चप्पल असणं हा गुन्हा नव्हता, पायात असणं हा होता. त्यांच्या वडिलांनी तर ती कटकटच नको म्हणून आयुष्यभर घेतली नाही.

नागपुरात आल्यावर आजोबांनी मिलच्या पगारातून पैसे साठवून काळे बूट घेतले. 14 ऑक्टोबर 1956 ला पांढरे कपडे आणि तेच बूट घालून दीक्षाभूमीवर गेले. ते बूट मी पाहिलेत. तळ दोनदा बदललेला, आतून अंगठ्याचा खड्डा पडलेला. दर शनिवारी रात्री अंगणात पाट टाकून बसायचे. आधी ब्रशने धूळ, मग बोटाला चिंधी गुंडाळून डबीतलं पॉलिश थोडंसं, चिंधीवर पाण्याचा एक थेंब आणि लहान लहान गोल. घाई केली की रागवायचे. मला काम एकच, कंदील धरायचं. वीज होती घरात, पण त्यांना चमक कंदिलात कळते म्हणायचे. आजी म्हणायची, हे आरशात पाहतच नाहीत, बुटात पाहतात.

चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आहेत, कपडेही. आजोबा आम्हाला घेऊन गेले तेव्हा कोटासमोर बराच वेळ उभे होते. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "शिवण पाहिली का?"

काका, साधी राहणी आमच्या घरात बरीच वर्षं सक्तीची होती. म्हणून आम्ही पॉलिश करतो.

साधीराहणी, 21 मे, दुपारी 2:05

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरंच नव्हतं. शब्द मागे घेतो. सव्वीस मात्र अजूनही जास्तच वाटतात.

सव्वीस_जोड, 21 मे, दुपारी 2:20

तेवीस, काका. @इंदोरा_चौक, कामाच्या मध्ये वाचलं, पुन्हा घरी जाऊन वाचेन.

गोकुळपेठी, 22 मे, सकाळी 11:00

माझा प्रश्न जरा रडका आहे. पाय पुढून रुंद, वर उजव्या अंगठ्याचं हाड बाहेर आलंय. नंबर 5, पण पंप शूज 6 चे घेते तर टाच निसटते, 5 चे घेते तर हाडावर फोड. वय 38. ऑफिसला ठीक दिसेल असं काही आहे का, की आता आयुष्यभर आजीछाप सँडल?

सव्वीस_जोड, 22 मे, दुपारी 1:30

आजीछापला नावं ठेवू नका, मी सात वर्षांच्या पोरीची आजी आहे.

नंबर वाढवला की लांबी वाढते, पायाला पाहिजे असते रुंदी. तिथेच सगळी गल्लत. संध्याकाळी कोऱ्या कागदावर उभ्या उभ्या पायाची रेघ काढा, पेन सरळ धरून. तो कागद कापा आणि दुकानात चपलेच्या तळावर ठेवा. कागद जिथे बाहेर डोकावतो तिथे फोड येणार, घालून पाहायचीही गरज नाही. मी दोन वर्षं पर्समध्ये माझा कागदी पाय घेऊन फिरले, दुकानदार आधी हसतात, मग ओळखायला लागतात.

तुम्हाला चौकोनी किंवा बदामी नाकाचा बूट, घोट्याला पट्टा असलेला. पट्टा टाच धरून ठेवतो, त्यामुळे पुढे सैल चालतं. हाडावर शिवण येऊ देऊ नका, तिथे साधं मऊ चामडं हवं. दुरुस्तीवाले दादा लाकडी फर्म्यावर चढवून नेमकी तेवढी जागा ताणून देतात, अस्सल चामडं असेल तर. रेक्झिन ताणत नाही, फाटतं. हिल दीड इंचापर्यंत, जाड. आणि दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, तो भाग माझा नाही.

रुंद पायांचं दुःख तुमचं एकटीचं नाही, बरं का. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखभर लोकांच्या पायांची मापं घेतली, तेव्हा आपले पाय विलायती मापांपेक्षा रुंदच निघाले. त्यावरून भारतीय मापांची वेगळी पद्धत सुचवली आहे, नाव 'भा'. म्हणजे चूक आपल्या पायाची नव्हती.

माहेर_कोल्हापूर, 22 मे, रात्री 8:10

गोकुळपेठीताई, कोल्हापुरी का नाही? माझं सासर नागपूर, माहेर नावातच आहे. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्याला तो मधासारखा रंग त्यातूनच येतो. शिवणसुद्धा चामड्याच्याच दोऱ्याची, खिळा नाही. आठवडाभर कडक लागेल, मग तुमच्या हाडासकट पाय ओळखते. आतल्या बाजूला बोटाने जरा एरंडेल किंवा खोबरेल चोळा, रात्रभर ठेवा. 2019 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. इथे रस्त्यावर 'कोल्हापुरी' म्हणून जे 250 ला मिळतं ते बरेचदा वरून रेक्झिन असतं. वास घेऊन पाहा, कळतंय लगेच.

फक्त 15 जूनच्या आत कपाटात. भिजली तर तळ फुगतो आणि थर सुटतात. भिजलीच तर सावलीत, उभी करून. नागपूरचा उन्हाळा मात्र तिला मानवतो.

सव्वीस_जोड, 22 मे, रात्री 9:00

आणि करवतकाठीखाली तिच्याइतकं काही शोभत नाही. टसरचा तो मातकट सोनेरी रंग, सुती काठावर करवतीचे दाते, खाली मधाळ चामडं. तीन धोट्यांनी विणतात ती साडी, काठ आणि अंग वेगवेगळ्या धाग्याचे असून जोड दिसत नाही. खाली चमकीची सँडल घातली की काठ मरतो. मी लग्नात काळी ब्लॉक हिल घालून हीच चूक केली होती. चपलेने सूड घेतला म्हणा.

एक_नंबर_कूलर, 24 मे, दुपारी 4:30

उद्यापासून नवतपा, उन्हाळ्यातले ते कडक नऊ दिवस. पोराला कपड्यांचं कोणी पूर्ण सांगितलं नाही म्हणून लिहितो, मी फिल्डवरचा माणूस आहे. शर्टाच्या आत पातळ सुती बनियन घाल. लोक उकाड्यात आधी तेच काढतात, पण घाम तेच टिपतं, शर्टावर डाग येत नाही. फिका निळा शर्ट घेणार असशील तर काखेतला ओला डाग त्यावर सगळ्यात जास्त दिसतो हे मास्तर विसरले. पांढराच घे. तोंडाला दुपट्टा, हाताला पूर्ण बाह्या, आणि मुलाखतीचा शर्ट पिशवीत. अर्धा तास आधी पोहोच, पंख्याखाली वाळ, मग बदल. इस्त्री केलेला शर्ट घडी न करता गुंडाळून नेला की कमी चुरगळतो. पट्टा बुटाच्या रंगाचा, बक्कल छोटं. कांदा खिशात ठेवायचा की नाही ते आईवर सोड.

काजबटण, 24 मे, संध्याकाळी 6:00

पांढरा बरोबर आहे. मी एसीच्या दुकानात बसतो न, विसरलो.

हिंगणा_रोड_24, 26 मे, रात्री 10:05

अपडेट. काल संध्याकाळी बर्डीवर गेलो. मेन रोडवर चार दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात 8 नंबर घट्ट, 9 सैल, सेल्समन म्हणाला आतमध्ये सोल टाकून देतो. ताईंचं आठवलं, निघालो. तिसऱ्या दुकानात 42 बरोबर बसला. काळा डर्बी, गोल नाक, 1,650. फरशीवर दहा मिनिटं फिरलो, दुकानदार म्हणाला, भाऊ, लग्नाचं फिरून राहिला का? शर्ट 700, पँट रेडिमेड 850, बूट घालूनच ट्राय केली. मास्तर, उलटी करून पाहिली, माया आहे, एक इंच. मोहरी आमच्या गल्लीतल्या टेलरने 60 रुपयांत आत घेतली. पट्टा भावाचा, तो बरोबर आहे. 240 उरले.

सव्वीस_जोड, 26 मे, रात्री 10:20

शाब्बास. आता घरात रोज अर्धा तास घाल, फरशीवर, मुलाखतीचेच मोजे घालून. टाचेला कुठे घासतं ते आत्ताच कळेल. घासलं तर आतून मेण किंवा साबणाची कोरडी वडी फिरव. पॉलिश गुरुवारी रात्री. आधी क्रीम, ती चामड्याला खाऊ घालते. मग वॅक्स, ते फक्त चमकतं. थोडंसंच. आणि बाकीचा वेळ काकांनी सांगितलं ते, विषयाची तयारी.

साधीराहणी, 27 मे, सकाळी 7:05

धन्यवाद. हिशोब आणि खर्चाचे प्रश्न विचारतात, ते पाहून जा. तू हिशोब चांगला लिहिला आहेस वर.

हिंगणा_रोड_24, 30 मे, संध्याकाळी 7:40

आलो. मुलाखत चाळीस मिनिटं चालली, तिघे होते. मशीनवरचे प्रश्न चांगले गेले, इंग्रजीत दोनदा अडकलो. आठवड्यात कळवतो म्हणाले. टाचेला घासलं नाही, साबणाची वडी चालली. पार्किंगमध्ये बूट बदलताना अजून दोन पोरं तेच करत होती, एकमेकांकडे पाहून हसलो. बाहेर निघताना गेटवरचे वॉचमन काका म्हणाले, बूट मस्त चमकवले.

एकच गडबड झाली. काळे मोजे आईने सकाळी धुऊन वाळत घातले होते, मला माहीत नव्हतं. निघताना पाहिलं तर ओले.

सव्वीस_जोड, 30 मे, संध्याकाळी 7:44

मग काय घातलेस?

हिंगणा_रोड_24, 30 मे, संध्याकाळी 7:45

ताई...

जास्त_तर्री, 30 मे, संध्याकाळी 7:46

पांढरे!!! ये भावा, गळ्यात पड माह्या.

सव्वीस_जोड, 30 मे, संध्याकाळी 7:52

बसलास तेव्हा पँट किती वर सरकली होती? मास्तर, मोहरीतून दिसले असतील का?

काजबटण, 30 मे, रात्री 8:30

घोट्याच्या वर चार बोटं सरकते बसल्यावर. दिसले असन. पण टेबल होता का मधात?

हिंगणा_रोड_24, 30 मे, रात्री 8:33

टेबल होता. काचेचा.